आंबटाचे गोड : एक प्रस्तावना

मराठी घरात थंड गोड करायचे ठरले की आधी दुधाचे पातेले गॅसवर चढते. बासुंदी, खीर, रबडी, फिरनी, उन्हाळ्यात कुल्फी. श्रीखंडाचा चक्काही शेवटी दुधातूनच येतो. त्यामुळे मोसंबी, संत्रे किंवा लिंबू घेऊन काही गार आणि हलके करून पाहावे असे कुणाच्या मनात आले, तरी पहिला प्रयोग आटवलेल्या दुधावरच होतो. दूध फाटते, तळाशी चोथा बसतो, वर हिरवट पाणी सुटते. मग ठरून जाते की ही फळे सरबताची, रसाची आणि लोणच्याची. गोडाच्या वाटीत त्यांचे काम नाही. ही पुस्तिका नेमक्या या निकालाविरुद्ध लिहिलेली आहे. चूक फळाची नसून त्याला दिलेल्या सोबतीची आहे, आणि ती सोबत बदलली की मराठवाड्यातल्या जिंतूरसारख्या गावात, जिथे फळही आहे आणि उन्हाळाही भरपूर आहे, या गोडाइतके सोयीचे दुसरे काही नाही, असे आमचे म्हणणे आहे. म्हणून पुढच्या पानांतल्या बहुतेक कृती पाण्यावर उभ्या आहेत, थोड्या चक्क्यावर, आणि आटीव दुधावर एकही नाही. ही निवड हट्टाने केलेली नाही. तिच्यामागची कारणे वाचकाला आधी पटली तर कृती पाठ करण्याची गरज उरणार नाही, म्हणून ती इथे जरा विस्ताराने मांडतो.

जिंतूर तालुक्याची हद्द जालना जिल्ह्याला भिडते, आणि जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबीवर काम करणारे बदनापूरचे संशोधन केंद्रही ज्या विद्यापीठाचे, ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर परभणीत आहे आणि १९७२ पासून आहे. या फळाला इथे दोन बहार धरतात. आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ पावसाळा सरता सरता तयार होते. मृग बहाराचे फळ मात्र थेट फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास बाजारात येते, म्हणजे ऊन चढू लागते तेव्हाच. पुढे मे महिन्यात मोसंबी विरळ झाली तर हस्त बहाराचे कागदी लिंबू असते, जरी त्याचा भाव तेव्हा कुठे जाईल ते सांगवत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये लिंबू दोनशे रुपये किलोच्या वर गेले होते. फळ स्वस्तात पिकते असाही समज नको. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि कुऱ्हाडीखाली गेल्या. एवढ्या कष्टाने तयार होणारे हे फळ घरात आले की त्याचे एकच होते, रस काढायचा आणि बहुधा आजाऱ्याला द्यायचा. दवाखान्यात भेटायला जाताना मोसंबीची पिशवी न्यायची पद्धत इतकी मुरली आहे की निरोगी माणसाच्या पंगतीत ती वाढायची कल्पनाच कुणाला सुचत नाही.

आता दुधाशी असलेले भांडण समजून घेऊ. दुधातले केसीन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपाने तरंगत असते, आणि दुधाची आम्लता वाढून सामू ४.६ च्या जवळ आला की ते कण एकमेकांना चिकटून गठळ्या होतात. पनीर करताना हे आपण मुद्दाम घडवतो. कागदी लिंबाच्या रसात सहा-सात टक्के आम्ल असते, त्यामुळे तो गरम दुधाला क्षणाचीही उसंत देत नाही. मोसंबीत आम्ल त्याच्या मानाने अगदी थोडे, अर्ध्या टक्क्याच्याही आतबाहेर. पण आटवलेल्या दुधात प्रथिन दाट झालेले असते आणि उष्णतेने ते चिकटायला आणखी उतावीळ असते. नागपूरकडची संत्रा बासुंदी हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. ती उत्तम लागते, यात वाद नाही. पण ती कशी करतात ते पाहावे. बासुंदी पूर्ण गार झाल्याशिवाय संत्रे तिच्या जवळ नेत नाहीत. त्यातही रस घालत नाहीत, फोडींचा पापुद्रा काढून आतला गर अखंड ठेवतात, म्हणजे रस त्याच्या पिशव्यांतच बंद राहतो. आणि वाढायच्या थोडेच आधी तो मिसळतात. बंगालमध्ये कमला लेबूची खीर याच शिस्तीने होते. म्हणजे या दोन्ही पदार्थांत दूध आणि संत्रे एका वाटीत असले तरी त्यांची भेट होऊ नये याचीच सारी खटपट आहे. हे कौशल्य आहे. मात्र यातून फळाची फोड मिळते, फळाचे गोड मिळत नाही. अलीकडे डबाबंद आटीव दुधात लिंबू पिळून घट्ट होणारे गोड घरोघरी करून पाहतात. तेही साधते, कारण त्या दुधात साखर चाळीस टक्क्यांहून अधिक असते आणि तिच्या दाटपणात प्रथिनाच्या गठळ्या न होता सगळेच मिश्रण जाड होते. पण इतकी साखर खाऊन त्याला हलके म्हणायचे, हे जरा फारच झाले.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो. गोडात आंबट घालणे ही आपली रीतच नव्हे, हे बाहेरून आलेले खूळ आहे, असे म्हणतात. मराठी स्वयंपाकघर नीट पाहिले तर हे टिकत नाही. साखरभाताच्या पाकात लिंबू पिळल्याशिवाय तो जमत नाही. पाकातल्या पुऱ्यांची कणीक आंबट दह्यात भिजते आणि त्यांच्या पाकातही लिंबू असते. चिरोट्यांच्या पाकाचेही तेच. पाकात लिंबू घालण्याचे एक कारण व्यवहारी आहे, आम्लाने साखरेचे थोडे विघटन होते आणि पाक पुन्हा खडे धरत नाही. पण तेवढेच कारण असते तर थेंबभर पुरले असते. साखरभातात ते चवीला कळेल इतके घालतात. पन्हे तर मुळातच आंबटगोड. आणि श्रीखंड? चक्का आंबट नसेल तर त्याला कोण विचारतो. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त शिखरिणीची, म्हणजे दही आणि साखरेच्या गोडाची, कृती आहे, हा मराठवाड्याचा अगदी शेजारचा वारसा. तेव्हा आंबट आणि गोड यांचे लग्न इथे जुनेच आहे. नवीन आहे ते एवढेच की आंबटाने मागच्या दाराने न येता पंगतीत पुढच्या पाटावर बसावे.

श्रीखंडाचा दाखला आणखी एका कारणाने मोलाचा आहे. दह्यात केसीनच्या गठळ्या आधीच बांधून झालेल्या असतात. चक्का म्हणजे फाटून, निथळून, शहाणे झालेले दूध. त्यात मोसंबीचा घट्टसर रस किंवा लिंबाची किसलेली साल घातली तर नासायला काही उरलेलेच नसते. म्हणून दुधाच्या कुळातले काही हवेच असेल त्याने चक्क्याकडे वळावे, असे आम्ही सुचवले आहे. पण मग ते हलके राहते का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. चक्क्याइतकीच साखर घालून केलेल्या श्रीखंडाच्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅम साखर असते. कोरड्या घटकांच्या हिशोबाने श्रीखंडात साखर ७२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा अन्नसुरक्षेच्या नियमांना घालून द्यावी लागली, यावरूनच त्याची वृत्ती कळते. पुस्तिकेतल्या चक्क्याच्या कृतींत साखर निम्म्यावर आणली आहे, तरी जेवणानंतर पोटाला खरोखर हलके असे गोड हवे तर उत्तर पाण्याकडेच आहे.

पाण्यावर गोड उभे करायला काहीतरी धरून ठेवणारे लागते. आपल्याला घट्ट, गार, चमच्याखाली थरथरणारे गोड आवडत नाही असे नाही. खरवसासाठी जीव टाकणारी माणसे आपणच. खरवसाला चिकाचे प्रथिन धरून ठेवते. रसाला धरून ठेवायला बाजारात दोन गोष्टी मिळतात, जिलेटिन आणि चायना ग्रास. आमचा कौल निःसंशय चायना ग्रासला आहे. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात, चायना ग्रास समुद्रातल्या लाल शेवाळापासून. आपल्याकडे त्याचे शेवाळ मुख्यतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मिळते. जिंतूर हे नेमगिरीच्या जैन लेण्यांचे गाव आहे, इथे मुस्लिम वस्ती मोठी आहे, आणि एकादशी-चतुर्थी धरणारी घरेही पुष्कळ. या सर्वांच्या ताटात शंका न घेता वाढता येईल असा पदार्थ जिलेटिनवर होत नाही. शिवाय चायना ग्रास इथल्या बाजाराला नवे नाही. दख्खनी मुस्लिम घरांत रमजानच्या इफ्तारीला त्याचे दुधातले पुडिंग होते, आणि किराणा दुकानात त्या महिन्यात त्याच्या पांढऱ्या दशांची पाकिटे हमखास दिसतात. पण सगळ्यात मोठे कारण हवामानाचे आहे. जिलेटिनची जेली तीस-पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळू लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यात दुपारी वीज गेली की जिलेटिनचे गोड वाटीत पुन्हा रस होऊन बसते. चायना ग्रास एकदा जमले की ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत विरघळत नाही. गारवा जाईल, आकार जाणार नाही.

त्याचा दुसरा गुण मात्र लोकांना फसवतो. चायना ग्रास फ्रीजशिवाय, साध्या खोलीच्या तापमानाला जमते असे सर्वत्र लिहिलेले असते. ते थंड मुलखातल्या खोलीबद्दल खरे आहे. ते जमते पस्तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान, आणि वैशाखातल्या जिंतूरच्या पत्र्याच्या खोलीचे तापमान दुपारी तेवढे खाली येतच नाही. ताट तासभर ठेवूनही पातळच राहिले तर चायना ग्रासला बोल लावू नये. उपाय जुनाच आहे. आपली हवा कोरडी असते, त्यामुळे माठातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज उतरते. परातीत माठाचे पाणी घेऊन त्यात जेलीचे भांडे ठेवले, वर ओले फडके टाकले, की अर्ध्या-पाऊण तासात ती जमते. फ्रीज लागतो तो नंतर, गार करायला. ज्या घरी फ्रीज नाही तिथेही हे गोड होते, आणि माठाइतके गार मिळते. हा मुद्दा शहरात छापलेल्या पाकपुस्तकांना सुचण्याचे कारण नव्हते.

आता या फळाच्या खऱ्या दोषाकडे येतो. अनेकांचा अनुभव असा की मोसंबीचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि दोन-चार तासांनी कडू होतो. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवला तर हमखास. याचा दोष मोसंबीच्या जातीला, भांड्याला, कधी फ्रीजलाही दिला जातो. कारण रसायनात आहे. फोडींच्या पापुद्र्यात, सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत एक द्रव्य असते, ते फळात असताना बेचव असते. रस काढताना पापुद्रे चिरडले की ते आम्लाच्या संगतीत येते आणि हळूहळू त्याचे लिमोनिन होते. लिमोनिन अतिशय कडू असते, जिभेला अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळते. गरम केले की ही क्रिया आणखी वेगाने होते. रसाच्या गाड्यावर हे जाणवत नाही, कारण तिथे ग्लास हातात आला की दोन मिनिटांत रिकामा होतो. गोड मात्र जमायला आणि गार व्हायला वेळ घेते, म्हणून मोसंबीचे गोड हे घाईने करायचे आणि त्याच दिवशी खायचे गोड आहे. सोललेल्या फोडी मिक्सरमध्ये फिरवणे हा सर्वांत वाईट मार्ग. फळ आडवे कापून हाताने किंवा साध्या लिंबूपिळणीने बेताने पिळावे, शेवटचा थेंब काढायच्या मोहात साल दाबू नये, आणि लगेच गाळून चोथा व बिया बाजूला कराव्यात. गाळणीवर चमच्याने रगडले तर केलेले सगळे फुकट जाते.

याच कारणाने रस उकळायचा नाही. चायना ग्रास उकळल्याशिवाय विरघळत नाही हे खरे, पण ते पाण्यात वेगळे उकळता येते. आंबट रसात उकळले तर आम्लाने त्याची पकडही ढिली होते, मग कितीही थांबले तरी लापशीसारखे राहते. सहा जणांना पुरेल असा हिशोब घेऊ. मध्यम आकाराच्या सात-आठ मोसंब्यांतून अर्धा लिटर रस निघतो. सात ग्रॅम चायना ग्रास कात्रीने बारीक करून पाव लिटर पाण्यात थोडा वेळ भिजवावे, मग एकही दोरा दिसेनासा होईपर्यंत मंद आचेवर उकळावे, त्यातच ७५ ग्रॅम साखर विरघळवावी. पातेले उतरवून, बोट लावून कढत वाटेल पण पोळणार नाही इतके निवू द्यावे, आणि मग रस ओतावा. रस फ्रीजमधला नको. गार रस पडला की चायना ग्रास जागच्या जागी आळते आणि वाटीत शेवयांसारखे तुकडे सापडतात. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यामुळे निम्मे लोक चायना ग्रास कायमचे सोडतात.

मोसंबी मिळमिळीत असते, तिला ना संत्र्याचा वास ना लिंबाचा झणका, असा एक आक्षेप उरतो, आणि तो बव्हंशी खरा आहे. आम्ल कमी म्हणूनच ती आजाऱ्याला देतात. पण ज्यामुळे ती रसात फिकी वाटते त्याचाच गोडात फायदा करून घेता येतो. अर्धा लिटर रसात एक कागदी लिंबू पिळले की आंबटपणा आपल्याला हवा तिथे आणून थांबवता येतो; निव्वळ लिंबाच्या गोडात तो साखरेने दाबावा लागतो, आणि तिथेच हलकेपणा जातो. वासाचे म्हणाल तर तो रसात थोडाच, मुख्यतः सालीतल्या तेलात असतो. लिंबाची फक्त वरची रंगीत साल बारीक किसून साखरेत चोळावी, साखर ओलसर होते आणि तेल धरून ठेवते. पांढऱ्या भागापर्यंत किसणी गेली की पुन्हा कडवटपणा. चिमूटभर मीठ घालावे. मिठाने कडू चव दबते, रसवाले काळे मीठ भुरभुरतात ते काही उगाच नाही. साखरेचा अंदाज घेताना एवढे लक्षात ठेवावे की गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. मिश्रण कोमट असताना किंचित जास्त गोड वाटले तर गार झाल्यावर बरोबर लागेल. आणि बर्फासारखे थंड करू नये, कारण तसे केले की गोडी भासत नाही, मग पुढच्या वेळी साखर वाढते.

राहता राहिला पथ्याचा प्रश्न. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराच्या यादीत दुधाबरोबर आंबट फळे येतात, आणि त्यांत महाळुंगाचे, म्हणजे याच कुळातल्या फळाचे, नाव आहे. ज्यांना हे पाळायचे आहे त्यांना या पुस्तिकेत अडचण येऊ नये, कारण इथे ते दोघे एकत्र येतच नाहीत. त्याच परंपरेत उन्हाळ्यात आणि रात्री दही वर्ज्य मानले आहे, तेव्हा काटेकोर माणसाने चक्क्याची पाने सरळ उलटावीत. मधुमेहींसाठी मात्र कुठलीही सवलत सांगता येत नाही. वरच्या हिशोबात दर वाटीला साधारण १२ ग्रॅम साखर बाहेरची आणि सात-आठ ग्रॅम फळाची पडते. श्रीखंडापेक्षा हे पुष्कळ कमी, पण शून्य नव्हे, आणि फळातली साखर वेगळ्या जातीची असते ही समजूत सोडून द्यावी. पाकिटातली तयार जेली यापेक्षा स्वस्त आणि झटपट होते हेही मान्य. त्यात रंग असतो, वास असतो, साखर असते. बहुतेकांत फळ नसते. शेजारच्या शिवारात फळ असताना त्याच्या नावाचा नुसता वास विकत घ्यावा, हे आम्हाला पटत नाही.

बाजारात मोसंबी निवडताना सालीचा हिरवेपणा पाहून मागे सरू नका. साल पिवळी व्हायला रात्री गार लागतात, आणि पावसाळ्याच्या अखेरीस आपल्याकडे त्या तशा नसतात. आत फळ पिकलेले असूनही वरून हिरवे दिसते. दोन सारख्या आकाराची फळे दोन हातांत घ्या आणि जे जड लागेल ते पिशवीत टाका.